ट्रायल्स सायकलचा डिस्क ब्रेक: चाक धरून ठेवणारा ब्रेक कसा निवडावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. २६ इंची ट्रायल्स सायकल (पाय न टेकवता दगड-अडथळ्यांवरून उड्या मारत जायच्या खेळाची), पुढे १६० मिमी रोटरचा, म्हणजे चाकाच्या मध्यावरच्या धातूच्या तबकडीचा, डिस्क ब्रेक, मागे थेट रिमला दाबणारा हायड्रॉलिक रिम ब्रेक. पावसात मागचा ब्रेक निसटतो, रिम ग्राइंडरने पुन्हा पुन्हा खरखरीत करावी लागते, आणि आता तिची भिंत पातळ व्हायला लागली आहे. म्हणून मागेही डिस्क लावायचा आहे. डाउनहिलवाले, म्हणजे डोंगरउतारावर वेगात जाणारे, वापरतात तसा चार पिस्टनचा (पॅड रोटरवर दाबणाऱ्या चार दट्ट्यांचा) ब्रेक आणि २०३ मिमीचा रोटर घ्यावा का?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. चार पिस्टन असले तर बिघडत नाही, पण त्यांच्यासाठी जास्तीचे पैसे घालू नका. २०३चा रोटर मागे नको. १८०चा, एका पत्र्यातून कापलेला रोटर घ्या, पॅड आत अजिबात खुळखुळणार नाही असा कॅलिपर (रोटरला चिमट्यासारखा धरणारा भाग) घ्या, रेझिन पॅड (धातूऐवजी राळेने बांधलेले) घ्या, आणि जो पैसा वाचेल तो मागच्या हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) आणि चाक नीट बांधून घेण्यावर खर्च करा. कारणं खाली देतो. पण त्याआधी फ्रेम तपासा. स्पर्धेच्या कितीतरी ट्रायल्स फ्रेमवर मागे फक्त रिम ब्रेकसाठी चार बोल्टांचे माउंट असतात, डिस्कचा कॅलिपर बसवायचा कान नसतोच. तो नसेल तर विषय तिथेच संपला. क्लॅम्पने आवळायचा जोडपट्टा किंवा नंतर वेल्डिंग करून बसवलेला कान यांच्या भरवशावर मागच्या चाकावर उभं राहू नका. पातळ अॅल्युमिनियमची नळी तिथे तडकते आणि ते आधी कळत नाही.

आता मुद्द्याचं. ब्रेक विकत घेताना आपण जे वाचतो ते बहुतेक सगळं उतारावर वेगात जाणाऱ्यांसाठी लिहिलेलं असतं. त्यांची अडचण उष्णता. मैलभर उतार, सतत ब्रेक, रोटर तापतो, तेल उकळायला येतं. म्हणून मोठे रोटर, पंख असलेले पॅड, आत अॅल्युमिनियमचा थर असलेले रोटर. ट्रायल्समध्ये यातलं काहीच होत नाही. आपण ब्रेक दाबतो तेव्हा चाक बहुतेक वेळा फिरतच नसतं, किंवा हातभर फिरून थांबणार असतं. पूर्ण सेक्शन, म्हणजे अडथळ्यांचा एक टप्पा, पार केल्यावर रोटरला हात लावून पाहा, जेमतेम कोमट लागेल. आपल्याला हवी असते पकड: थंड रोटरवर, पहिल्याच क्षणी, आणि दोन्ही दिशांनी. ही दोन्ही दिशांची गोष्ट इतर कुठल्याही सायकलिंगमध्ये इतकी महत्त्वाची नसते. मागच्या चाकावर हॉप करताना, म्हणजे छोट्या उड्या मारताना, तुमचं वजन पुढे-मागे झुलतं, चाक एकदा पुढे लोळू पाहतं, एकदा मागे. प्रत्येक वेळी ब्रेकवरचा जोर उलटा होतो. जोडणीत कुठेही सैलपणा असेल तर तो दर उडीला एकदा इकडे आणि एकदा तिकडे जाणवतो.

किती जोर लागतो याचा अंदाज यावा म्हणून साधा हिशोब करू. चालवणारा आणि सायकल मिळून ८० किलो धरा. ३० अंश उताराच्या दगडावर फक्त मागच्या चाकावर स्थिर उभे आहात. उताराच्या दिशेने ओढ साधारण ३९० न्यूटन. २६ इंची चाकाची टायरसकट त्रिज्या ३३ सेमीच्या आसपास, म्हणजे अक्षाभोवती सुमारे १३० न्यूटन-मीटरचा पीळ ब्रेकने धरायचा. १६०च्या रोटरवर पॅड मध्यापासून साधारण ७२ मिमीवर पकडतो, त्यामुळे पॅडपाशी १८०० न्यूटन घर्षण लागतं. १८०च्या रोटरवर तेच १५७० वर येतं, २०३वर १३७० वर. आणि रिम ब्रेक? तो २७० मिमीवर पकडतो, त्याला फक्त ४८० लागतात. हे नुसतं उभं राहण्यासाठी. उडी मारून उताराच्या दगडावर आपटताना हे आकडे सहज दुप्पट-तिप्पट होतात.

या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. एक, रिम ब्रेक इतकी वर्षं या खेळात का टिकून राहिला. माग्युरा कंपनीचा हायड्रॉलिक रिम ब्रेक १९८७ साली आला, आणि त्याची पुढची रूपं आजही स्पर्धेत मागच्या चाकावर दिसतात. मोठ्या त्रिज्येवर पकडणं हा त्याचा जन्मजात फायदा आहे. दुसरी गोष्ट, डिस्कवर येताना १६०वरून १८०वर जाण्याला खरा अर्थ आहे. पकड साधारण चौदा टक्क्यांनी वाढते आणि बोटाला ती लगेच कळते.

मग २०३ का नको? एक तर रोटर जितका मोठा तितका दगडाच्या जवळ. मागचं चाक दोन दगडांच्या फटीत उतरलं किंवा बाजूने घसरलं की पहिला मार रोटरला बसतो. दुसरं, मोठा रोटर बाजूला जास्त लवतो, जरासा वाकला तरी जास्त घासतो. तिसरं, कित्येक ट्रायल्स फ्रेम मागे १६० किंवा १८०पर्यंतच्या रोटरसाठीच बनवलेल्या असतात. त्यापेक्षा मोठा लावला तर कानावर येणारा जोर बनवणाऱ्याने गृहीत धरलेला नसतो. तुमच्या फ्रेमची मर्यादा काय आहे ते आधी पाहा, ती १६० असेल तर १६०च लावा. पुढे मात्र फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) परवानगी देत असेल तर १८० लावा. पुढच्या चाकावर वळताना, हुक करताना (पुढचं चाक दगडाच्या काठावर अडकवून वर चढताना) सगळा भार त्या एका रोटरवर येतो आणि २६ इंची चाकाला १६० तोकडा पडतो.

२० इंची सायकल असणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. तिच्या मागच्या चाकाची टायरसकट त्रिज्या जवळपास २५ सेमी. त्यामुळे तिथे १६०चा रोटर जितका ताण घेतो तितकाच ताण २६ इंची सायकलवर २०३चा रोटर घेतो. म्हणून २० इंचीवर १६० पुरेसा असतो, आणि त्या छोट्या चाकाला त्याहून मोठा लावणं म्हणजे दगडाला आमंत्रण.

आता ज्या गोष्टीबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे तिच्याकडे येतो: प्ले. मेकॅनिक ज्याला प्ले म्हणतात तोच, जोडणीतला खुळखुळा. हिशोब सोपा आहे. कॅलिपरच्या आत पॅड पुढे-मागे फक्त १ मिमी सरकत असेल, तर १६०च्या रोटरवर टायरपाशी तो प्ले साडेचार मिमी होतो. १८०वर चार मिमी. मागच्या चाकावर तोल सांभाळताना पायाखालची जमीन चार मिमी सरकल्यासारखं वाटतं, आणि प्रत्येक हॉपला टक-टक आवाज येतो. ताकद कितीही असो, अशा ब्रेकवर विश्वास बसत नाही आणि माणूस नकळत उडी आखडती घेतो. मी शिकवताना हे वारंवार पाहिलं आहे. मुलगा किंवा मुलगी चांगली तयार असते, मोठ्या अंतराला मात्र कचरते, आणि चूक तिच्या धैर्याची नसून कॅलिपरमधल्या पॅडची असते.

प्ले कुठून येतो ते शोधायची पद्धत अशी. सायकल जमिनीवर ठेवा, मागचा ब्रेक घट्ट दाबा आणि दुसऱ्या कुणाला तरी सायकल पुढे-मागे ढकलायला सांगा. मग एकेका सांध्यावर बोट ठेवत जा: पॅड आणि कॅलिपर, कॅलिपर आणि फ्रेम, रोटर आणि हब, हबचा अक्ष आणि ड्रॉपआउट (फ्रेममधली अक्ष बसायची खाच). सांधा हलत असेल तर बोटाखाली लगेच कळतं. रोटर दोन तुकड्यांचा असेल, म्हणजे बाहेरची पोलादी कडी आणि आतला अॅल्युमिनियमचा तारा रिव्हेटने जोडलेला, तर रिव्हेटपाशीही बोट ठेवा. असे रोटर उष्णतेत फुगायला वाव मिळावा म्हणून तसे बनवतात. आपल्याकडे उष्णताच नाही, मग तो वाव नुसता खुळखुळा ठरतो. सगळे दोन तुकड्यांचे रोटर सैल असतात असं नाही, पण एका पत्र्याचा साधा रोटर घेतला की ती शंकाच उरत नाही. याच कारणाने मी हबवर सहा बोल्टांचा रोटर पसंत करतो. खाचांवर बसणाऱ्या सेंटरलॉक रोटरमध्ये उलटसुलट ताणाखाली कधी कधी किंचित हालचाल जाणवते. सहा बोल्ट नीट आवळले, बनवणाऱ्याने सांगितलेल्या टॉर्कने, चांदणीच्या क्रमाने (समोरासमोरचे आळीपाळीने), की तो सांधा विसरून जायचा.

कॅलिपर निवडताना तर दुकानातच पॅडला हात लावून पाहा. पॅड बोटाच्या चिमटीत धरून चाक फिरतं त्या दिशेने हलवा. जिथे पॅडच्या पाठीच्या पत्र्याच्या कडा कॅलिपरच्या भिंतीला नीट टेकतात तो कॅलिपर आपला. माझ्या लेखी पिस्टन किती यापेक्षा हे कितीतरी महत्त्वाचं. चार पिस्टनच्या कॅलिपरमध्ये पॅड लांब असतो, जोर पसरून येतो, पकड चांगली मिळते. पण लांब पॅड त्याच्या खाचेत सैल असेल तर दोन पिस्टनचा घट्ट कॅलिपर बरा. होप कंपनीने ट्रायल झोन नावाचा ब्रेक खास याच खेळासाठी काढला होता आणि तोही दोन पिस्टनचाच.

आणि आता चाक. रिम ब्रेक थेट रिमला धरतो, त्यामुळे आऱ्यांवर ब्रेकचा पीळ येत नाही. डिस्क हबला धरतो आणि तिथून तो सगळा पीळ आऱ्यांमधून रिमपर्यंत जातो. म्हणून रिम ब्रेकवरून आलेल्या माणसाला डिस्क पहिल्यांदा स्प्रिंगसारखा वाटतो. ब्रेक लॉक असूनही चाक जरासं पिळून परत येतं. ही भावना पूर्ण जात नाही, पण खूप कमी करता येते. आरे तीन वेळा एकमेकांना ओलांडून घातलेले असावेत, सरळ त्रिज्येत घातलेले आरे डिस्कच्या चाकाला चालतच नाहीत. ताण भरपूर आणि सारखा असावा. आऱ्यांच्या जोड्या हातात दाबून पाहा, एखादी जोडी लगेच ढिली लागली तर चाक पुन्हा बांधून घ्या. हबची नळी जाड आणि ताठ असावी. एकदा नवा ब्रेक बसवूनही माझी पकड सरकत राहिली होती. मी तेल दोनदा बदललं, पॅड बदलले, शेवटी चाक सोडलं तेव्हा रोटरच्या बाजूचे आरे हाताने वाजवले तर सूरच लागत नव्हता. नव्याने ताण दिल्यावर तोच ब्रेक वेगळाच वाटला.

मागच्या ड्रॉपआउटचीही एक अडचण आहे, तिच्याकडे फार कमी जण लक्ष देतात. ट्रायल्स फ्रेममध्ये ड्रॉपआउट बहुधा आडवे असतात आणि गोगलगाईच्या आकाराच्या तबकड्यांनी साखळी ताणली जाते. साखळी झिजली की चाक मागे जातं. चाक मागे गेलं की रोटर कॅलिपरमध्ये सरकतो आणि पॅड रोटरच्या काठावर अर्धवट पकडतो. मग लोक म्हणतात ब्रेक कमजोर झाला. म्हणून प्रत्येक वेळी साखळी ताणल्यावर कॅलिपरचे बोल्ट ढिले करा, चाक मध्ये आणा, ब्रेक दाबून धरा आणि मग बोल्ट आवळा. पॅडचा पूर्ण पृष्ठभाग रोटरच्या पट्टीवर येतोय का ते डोळ्यांनी पाहा. माउंटला सरकायला खाच असलेली फ्रेम असेल तर हे काम दोन मिनिटांचं.

लिव्हर. एका बोटाने चालवायचा, तर्जनीने. लिव्हरचा क्लॅम्प हँडलबारवर आतल्या बाजूला सरकवा, म्हणजे बोट पात्याच्या टोकाच्या वाकलेल्या भागावर पडेल. तिथे तरफ सगळ्यात जास्त मिळते. बरेच जण लिव्हर ग्रिपला चिकटवून ठेवतात, मग बोट पात्याच्या मध्यावर येतं आणि तास-दीड तासात मनगटापासून कोपरापर्यंत हात भरून येतो. लिव्हरचा कोन जमिनीवर उभं राहून ठरवू नका. मागच्या चाकावर उभे राहा, हात जसे ताणले जातात तसे ताणू द्या, आणि बोट न वाकवता जिथे पडतं तिथे लिव्हर आणा.

पकड कुठे लागते हेही महत्त्वाचं. मला ती लवकर लागलेली आवडते, पात्याच्या प्रवासाच्या पहिल्या तिसऱ्या भागात. शिमानोच्या बऱ्याच लिव्हरमध्ये सर्वो वेव्ह नावाची रचना असते. पॅड आधी झटकन रोटरजवळ येतात आणि मग तरफ वाढते. ताकद छान मिळते. पण सायकल उभी-आडवी होत राहिली आणि तेलात थोडीही हवा राहिली तर पकडीची जागा बदलती वाटू शकते. एकदा इथे, एकदा तिथे. ट्रायल्समध्ये बोटाच्या सवयीवर सगळं चालतं, तिथे हे खपत नाही. असा ब्रेक घेतला तर ब्लीडिंगमध्ये, म्हणजे तेलातली हवा काढण्यात, आळस करू नका. लिव्हरवर टिचक्या मारा, सायकल उभी करून पाहा, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा बुडबुडे काढा.

तेलाबद्दल फार लिहीत नाही. शिमानो आणि माग्युरा मिनरल ऑइलवर चालतात, होप डॉट नावाच्या ब्रेक-द्रवावर. डॉटचा उत्कलनांक जास्त असतो हा फायदा आपल्याला निरुपयोगी आहे. ते हवेतलं पाणी शोषतं आणि रंगावर सांडलं तर रंग खातं, म्हणून घरी काम करणाऱ्याला मिनरल ऑइल सोपं पडतं. एकाच्या ब्रेकमध्ये दुसऱ्याचं तेल कधीही घालू नका, सील फुगतात किंवा खराब होतात आणि ब्रेक कायमचा जातो.

पॅड. मेटलचे सिंटर्ड पॅड तापल्यावर खरे जागे होतात, चिखलात टिकतात. आपण त्यांना तापवतच नाही, म्हणून कोरड्यात रेझिन पॅड थंड असतानाच जास्त घट्ट धरतात. चिखल आणि सतत पाऊस असेल तर रेझिन लवकर झिजतील, ते मला मान्य आहे. मी तेव्हाही रेझिनच वापरतो आणि पॅडची एक जोडी जास्त ठेवतो.

नवे पॅड मात्र तसेच लावून चालत नाहीत, आणि इथेच बहुतेक डिस्क ब्रेकची बदनामी सुरू होते. पॅडचा पातळ थर रोटरवर बसला की मगच पकड येते, आणि त्यासाठी वेगातून वीस-तीस वेळा ब्रेक लावावा लागतो, चाक लॉक न करता. ट्रायल्स सायकलला सीट नाही, गिअर इतका हलका की पायडल मारून वेगच येत नाही. नुसते हॉप करून पॅड बसत नाहीत, उलट पृष्ठभाग चमकतो आणि ब्रेक घसरतो. रोटर आणि पॅड सारख्या बनावटीच्या दुसऱ्या सायकलवर लावून तिथे बसवता आले तर उत्तम. नाहीतर रिकामा, सौम्य उतार शोधा. धावण्याच्या वेगापर्यंत जाऊ द्या, ब्रेक दाबून चालण्याच्या वेगावर आणा, सोडा, पुन्हा. पंधराव्या-विसाव्या वेळेला बोटाला फरक कळतो.

आणि साखळीवर स्प्रे मारू नका. मागचा रोटर साखळीपासून चाकाच्या पलीकडच्या बाजूला असतो, तरी उडालेला फवारा आऱ्यांमधून तिथे पोहोचतो. थेंबाने तेल घाला, पुसून घ्या. पॅडमध्ये तेल मुरलं तर घासून-जाळून तो वाचवायचा प्रयत्न करू नका. दोन दिवस बरा वाटतो आणि नेमका मोठ्या उडीला सुटतो. पॅड टाका, रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ कापडाने पुसा, नवे पॅड पुन्हा नीट बसवा.

केबलवर चालणारा डिस्क ब्रेक चालेल का असं पुढे कुणी विचारेलच. चालतो. अॅविडचा बीबी७ ट्रायल्समध्ये बऱ्याच जणांनी वापरला आहे, कारण त्याचे दोन्ही पॅड हाताने रोटरजवळ आणता येतात आणि मैदानावर काही बिघडलं तर केबल बदलली की झालं. अट एकच, केबलचं बाहेरचं वेष्टण दाबल्यावर आखूड न होणारं असावं. मऊ वेष्टणात अर्धा जोर त्यातच मुरतो. पुढच्या चाकाला हा पर्याय चांगला. मागे, लांब केबलमुळे, मी हायड्रॉलिकच सुचवेन.

तुमच्या सायकलपुरतं सांगायचं तर घाईने सगळं एकदम बदलू नका. आधी पुढचा रोटर १८०चा करा, त्याला लागणारा अॅडॅप्टर घ्या, नवे रेझिन पॅड नीट बसवा आणि त्यावर काही आठवडे चालवा. डिस्कची पकड बोटाला कशी लागते हे कळेल. त्या काळात मागचा हब डिस्कचा आहे का पाहा. नसेल तर ताठ हबवर, तीन क्रॉसमध्ये चाक बांधून घ्या. पातळ झालेली रिम तशीही बदलावीच लागणार आहे, तेव्हा हा खर्च वाया जात नाही. रिम ब्रेकचा लिव्हर, पाइप आणि सिलिंडर विकू नका. नव्या चाकाची रिमही अशी घ्या की तिच्या बाजू सपाट असतील, म्हणजे डिस्क तुम्हाला नाहीच पटला तर चार बोल्ट लावून एका संध्याकाळी परत फिरता येईल.

पहिले दोन-तीन आठवडे मागच्या डिस्कवर फक्त जमिनीवर आणि एका फळीच्या उंचीवर हॉप करा. चाक किंचित पिळतं त्याची शरीराला सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. उडी घेण्याआधी ब्रेक आधीच पूर्ण दाबून, वजन मागे नेऊन तो पीळ भरून घ्यायचा, मग उडायचं. ही सवय एकदा लागली की उंचीला हात घाला.